कूळ धनी झाल्यानंतर : आयर्लंडचा ‘फिना गेल’ आणि कुलाब्याचा शेतकरी कामगार पक्ष

मराठी वाचकास आयर्लंडचा परिचय झाला तो त्या देशाच्या लढ्यामुळे. न. चिं. केळकरांनी आयर्लंडचा इतिहास लिहिला. १९१६ साली लोकमान्यांनी व बेझंटबाईंनी ‘होमरूल’ हा शब्द तिकडूनच उचलला. पुढे डी व्हॅलेराचे नाव आपल्याकडील तरुणांच्या तोंडी बसले. परतंत्र देशाने दुसऱ्या परतंत्र देशाकडे पाहावे यात नवल नाही. तथापि आपले हे पाहणे १९२२ पाशी थांबले. स्वातंत्र्य हाती आल्यावर त्या देशातील शेतकऱ्याने काय केले, कोणता पक्ष जवळ केला, याची विचारपूस आपल्याकडे फारशी झाली नाही. ती व्हावयास हवी होती असे आमचे मत आहे. विशेषतः कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड हे नाव मिळाले त्या जिल्ह्याच्या किनारपट्टीचे राजकारण समजून घेऊ इच्छिणाऱ्याने तरी ती करावयास हवी होती.

या तुलनेस सकृद्दर्शनीच एक आक्षेप येईल. आयर्लंडमधील ‘फिना गेल’ हा पक्ष मध्यापासून किंचित उजवीकडे झुकलेला, मालमत्तेचा व सुव्यवस्थेचा कैवार घेणारा म्हणून ओळखला जातो. कुलाब्याचा शेतकरी कामगार पक्ष १९५० च्या दाभाडी प्रबंधापासून स्वतःस मार्क्सवादी म्हणवून घेत आला आहे. एकाचा झेंडा लाल, दुसऱ्यास लाल रंगाचे वावडे. मग दोहोंस एका पंक्तीस बसविण्यात स्वारस्य ते काय? आमचे उत्तर असे की, पक्षाचा प्रबंध वाचून पक्ष कळत नाही. त्याच्या मतदाराच्या हाती जमीन कोणत्या हक्काने आहे हे पाहिले म्हणजे तो बराचसा कळतो. कुलाब्यातील पक्षासंबंधी आजवर जे लिहिले गेले त्यात प्रबंधाची चर्चा उदंड आहे, परंतु हक्काच्या या प्रश्नाची फारच थोडी आहे.

प्रथम आयर्लंडकडे वळू. ६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये तह झाला आणि ७ जानेवारी १९२२ रोजी आयरिश प्रतिनिधिगृहाने तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी स्वीकारला. या सात मतांच्या अंतरातून त्या देशाचे पुढील शतकाचे पक्षकारण निर्माण झाले. तह मानणारे आणि न मानणारे यांच्यात यादवी झाली. मायकेल कॉलिन्स २२ ऑगस्ट १९२२ रोजी मारला गेला. सरकारने सत्तरहून अधिक बंदिवानांना गोळ्या घालून देहदंड दिला. कालपर्यंत एका खंदकात असलेली माणसे होती ही. तह मानणाऱ्यांनी १९२३ च्या एप्रिलमध्ये ‘कुमन ना गेल’ नावाचा पक्ष काढला व विल्यम कॉस्ग्रेव्हच्या नेतृत्वाखाली १९३२ पर्यंत राज्य केले. त्यांनी निःशस्त्र पोलीसदल उभे केले, शॅनन नदीवर वीजनिर्मितीचा मोठा प्रकल्प पार पाडला, आणि १९२४ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनातून एक शिलिंग कापून काटकसरीचे असे उदाहरण घालून दिले की विरोधकांनी ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या विसरू दिले नाही. परंतु या पक्षाच्या खाती जमेची जी सर्वांत मोठी रक्कम मांडावयास हवी ती १९३२ ची होय. यादवीत ज्यांना हरविले त्यांच्याच हाती, निवडणूक हरल्यावर, सैन्य व तिजोरी यांसह राज्य मुकाट्याने सोपवून हा पक्ष बाजूस झाला. नवस्वतंत्र देशांच्या इतिहासात अशी उदाहरणे विपुल नाहीत.

‘फिना गेल’ हे नाव सप्टेंबर १९३३ चे. कॉस्ग्रेव्हचा जुना पक्ष, मोठ्या शेतकऱ्यांचा राष्ट्रीय मध्यवर्ती पक्ष, आणि ‘निळे सदरेवाले’ म्हणून प्रसिद्ध असलेली अर्धलष्करी संघटना या तिहींच्या संगमातून तो निघाला. त्याचा पहिला अध्यक्ष ओडफी हा पदच्युत पोलीसप्रमुख होता व युरोपातील तत्कालीन हुकूमशहांचे अनुकरण करण्यात त्यास भूषण वाटे. वर्षभरातच त्याला जावे लागले हे पक्षाचे सुदैव. नावाचा अर्थ गेल लोकांचे कूळ. मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंशही आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही. या पक्षास दोन्ही अर्थ थोडेथोडे लागू पडतात, हा केवळ भाषेचा योगायोग.

कसणाऱ्याचा अर्थ कसा लागू पडतो ते पाहण्यासारखे आहे. १८७९ पासूनच्या भूमियुद्धात आयरिश कुळांनी खंड रोखून धरला. १८८० साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नामक कारभाऱ्याला वाळीत टाकून त्याचे आडनाव जगाच्या भाषांना क्रियापद म्हणून दिले. या लढ्याची सांगता क्रांतीने झाली नाही, खरेदीखतांनी झाली. १९०३ च्या कायद्याने सरकारने जमीनदारांस पैसे मोजून कुळांस धनी केले आणि ते पैसे कुळांनी वार्षिक हप्त्यांनी फेडावयाचे ठरले. उरलेसुरले काम कॉस्ग्रेव्ह सरकारच्या १९२३ च्या भूमिकायद्याने हाती घेतले. म्हणजे स्वातंत्र्य आले त्या वेळी बहुसंख्य आयरिश शेतकरी धनी झालेला किंवा होण्याच्या वाटेवर असलेला होता. धनी झालेल्या शेतकऱ्यास यापुढे उलथापालथ नको असते. त्यास बाजारभाव हवा असतो, रस्ता हवा असतो आणि शेजाऱ्याने बांध कोरू नये एवढी सुव्यवस्था हवी असते. पक्षाचे ‘उजवेपण’ ते हेच; ते ग्रंथांतून आलेले नव्हते.

आणि तरीही याच सुव्यवस्थावादी पक्षाच्या शेतकऱ्यांनी १९३३-३४ साली काय केले? डी व्हॅलेराने ब्रिटनकडे जाणारे भूमिहप्ते अडविले, ब्रिटनने प्रत्युत्तरादाखल आयरिश गुरांवर जकात बसविली, गुरांचे भाव कोसळले. परंतु शेतकऱ्यांकडून हप्त्यांची वसुली, कमी दराने का होईना, चालूच राहिली. तेव्हा सत्तेवर असता ज्यांनी हप्ते वेळेवर भरण्याचा आग्रह धरला होता त्यांच्याच अनुयायांनी ते भरण्याचे नाकारले. झाडे तोडून रस्ते अडविले. सरकारने गुरे जप्त करून लिलावास काढली, आणि १३ ऑगस्ट १९३४ रोजी कॉर्क शहरात अशा एका लिलावाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मृत्यू पावला. मालकीस धक्का बसताच मालकही संपावर जातो. कुलाब्याच्या अभ्यासकाने ही गोष्ट मनात धरून ठेवावी, कारण पन्नास वर्षांनी आपल्याकडे तिची गाठ पडावयाची आहे.

फिना गेल डब्लिनमध्ये स्थापन झाला त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, अलिबाग तालुक्यातील चरी येथे कुळांनी शेत न कसण्याचा निर्धार केला. दोहोंत कार्यकारणसंबंध अर्थातच नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांनी हा संप पाळला आणि तो १९३९ पर्यंत, सहा वर्षे, चालला. १६ डिसेंबर १९३४ रोजी डॉ. आंबेडकर चरीस आले. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. हा इतिहास सुपरिचित आहे, म्हणून तो येथे विस्तारीत नाही. परंतु त्यातील एका अंगाकडे, आमच्या समजुतीप्रमाणे, पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते अंग जमिनीचे आहे.

चरी हे गाव खारेपाटात येते. खारेपाटातील शेत हे निसर्गाने दिलेले शेत नव्हे. धरमतरच्या खाडीचे पाणी भरतीबरोबर जेथवर चढे तेथे मातीचे बांध घालून, आत आलेले पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडण्यासाठी उघड्या बसवून, आणि कित्येक पावसाळ्यांच्या पाण्याने जमिनीतील मीठ धुऊन काढून हे भातशेत माणसाने घडविले आहे. एकदा घडविले म्हणजे काम संपले असेही नाही. उधाणाच्या भरतीस बांध फुटून खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि ते शेत पुढील काही हंगामांपुरते वाया जाते. खांड बुजविण्याचे काम एका घराचे नसते. एका ओहोटीच्या वेळात सारे गाव चिखलात उतरले तरच ते होते. आता, हा चिखल उपसणारा कोण होता? कूळ. आणि अर्धे भात उचलून नेणारा? अलिबागेस, पेणेस किंवा मुंबईस राहणारा खोत अथवा सावकार. डोंगरकपारीच्या वरकस जमिनीवरील कुळास ‘जमीन माझी’ असे म्हणावयास वहिवाटीचा आधार शोधावा लागे. खारेपाटातील कूळ म्हणू शकत होते की ही जमीनच मुळी माझ्या बापजाद्यांनी समुद्रातून काढली.

यावरून आमचा निष्कर्ष असा : चरीच्या संपातील मागणी आरंभापासूनच स्वामित्वाची मागणी होती. भाषा कोणाचीही असो, डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाची असो, पुढे शेतकरी कामगार पक्षाची असो, संपकऱ्याच्या मनातील चित्र आपल्या नावाच्या खात्याचे होते, सामुदायिक शेतीचे नव्हते. आयरिश कूळही हेच सांगत असे की, दगड वेचून रान मी सुधारले आणि सुधारल्याबद्दल वाढीव खंडही मलाच पडला. या दोन किनाऱ्यांवरील माणसांस एकमेकांची भाषा कळली नसती. तक्रार मात्र कळली असती.

शेतकरी कामगार पक्षाचा जन्म फिना गेलप्रमाणेच राष्ट्रीय चळवळीच्या फुटीतून झाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी काँग्रेसच्या पोटात १९४७ साली जो संघ उभा केला तो १९४८ मध्ये स्वतंत्र पक्ष होऊन बाहेर पडला. फरक एवढाच की तिकडे फुटून निघालेल्यांपैकी एका बाजूस लगेच राज्य मिळाले, इकडे राज्य काँग्रेसकडेच राहिले व फुटणाऱ्यांच्या वाट्यास विरोधी बाके आली. दाभाडीचा प्रबंध १९५० चा; त्यानंतर थोड्याच वर्षांत जेधे व मोरे काँग्रेसमध्ये परतलेदेखील. संस्थापक गेले तरी पक्ष कुलाब्यात टिकला, वाढला. हे प्रबंधाच्या बळावर झाले असे मानणे कठीण आहे. चरीच्या वारशावर, आगरी समाजाच्या एकजुटीवर आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर तो वाढला. १९५२ साली कुलाब्याने चिंतामणराव देशमुखांस काँग्रेसतर्फे लोकसभेत पाठविले. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले. आणि १९५७ साली त्याच मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत निवडून दिले. पुढे १९६७ ला दत्ताजी कुंटे, १९७७ व १९८४ ला दि. बा. पाटील, १९९८ व १९९९ ला रामशेठ ठाकूर. मधल्या निवडणुका काँग्रेसच्या. लंबकाचे हे हेलकावे पाहिले की कोणासही वाटावे, येथे दोन मतप्रणालींचा संग्राम चालू आहे. वस्तुतः पुष्कळ गावांतून ‘आम्ही लाल बावट्याचे’ हे उत्तर आणि आयर्लंडच्या खेड्यातील ‘आमचे घराणे कॉलिन्सच्या बाजूचे’ हे उत्तर एकाच जातीचे आहे. ते बापाकडून मुलाकडे येते. नेतृत्वही तसेच येते : तिकडे कॉस्ग्रेव्ह पितापुत्र दोघेही सरकारप्रमुख झाले, इकडे अलिबागेस नारायण नागूंच्या घराण्यातच पक्षाची सूत्रे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. (पक्ष घराण्याबाहेरही जाऊ शकतो, हेही सांगितले पाहिजे. २०१७ साली फिना गेलने ज्यास नेता व पंतप्रधान केले त्या लिओ वराडकर यांचे वडील मुंबईचे आणि पूर्वजांचे गाव मालवण तालुक्यातील वराड. कोकणातील एक आडनाव डब्लिनच्या सरकारप्रमुखाचे झाले आणि आमची तुलना अकस्मात थोडी कमी दूरान्वयाची वाटू लागली.)

१ एप्रिल १९५७ हा दिवस मात्र कुलाब्याच्या इतिहासात निवडणुकीहून मोठा आहे. खोती १९४९ च्या कायद्याने गेलीच होती. आता कूळकायद्यातील दुरुस्तीप्रमाणे या ‘कृषिदिनी’ कूळ जमिनीचा मानीव खरेदीदार झाले व न्यायाधिकरणाने ठरविलेली किंमत हप्त्यांनी फेडावयाची झाली. आयर्लंडचा १९०३ चा प्रसंग चोपन्न वर्षांनी खारेपाटात घडला. चरीच्या संपकऱ्याचा मुलगा खातेदार झाला, आणि त्याबरोबर त्याचा पक्षही, त्यास स्वतःस न उमगता, खातेदारांचा पक्ष झाला. फिना गेलचा मतदार पक्षाच्या जन्माआधीच धनी झाला होता. शेतकरी कामगार पक्षाचा मतदार पक्षाच्या डोळ्यांदेखत धनी झाला. दोहोंतील खरा भेद हा होय.

याचा पुरावा १९८४ चा उरण-पनवेलचा लढा. १९७० पासून नव्या मुंबईसाठी सिडकोकरवी गावेच्या गावे संपादनाखाली आली होती. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांनी चालविलेल्या या झुंजीची फलश्रुती म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धन्यास परत मिळण्याचे तत्त्व. या तत्त्वाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. भूसंपादनाच्या आपल्या व्यवहारात शेतकऱ्यास भागीदार मानण्याची ती मोठी पायरी होती. पण ही मागणी कोणाची होती ते पाहा. जमीन कसणाऱ्याची की जमीन असणाऱ्याची? सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला भूखंड. त्याच शेतात मजुरीने लावणी करणाऱ्या कातकऱ्यास आणि मिठागरावर फळी ओढणाऱ्या मजुरास त्या साडेबारांतील काय आले? कॉर्कच्या लिलावासमोर उभा राहिलेला शेतकरी आणि जासईचा शेतकरी, दोघेही शूर, दोघेही धनी. पुढे महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध पेण-उरण-पनवेलच्या गावांनी लढा दिला, सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील बावीस गावांचा कौल घेण्यात आला, प्रा. एन. डी. पाटलांसारखा वयोवृद्ध नेता त्यात उभा राहिला. तेथेही लढ्याचा कणा खातेदारच होता.

येथे आमच्याशी मतभेद असणारे म्हणतील की धनी होणे हा काय अपराध आहे? मुळीच नाही. सहा वर्षे उपासमार सोसून जे मागितले ते मिळाले, याहून अधिक यश कोणत्या चळवळीस हवे? आमचा दोष निराळा आहे. फिना गेलने आपण कोणाचे आहोत हे स्वतःशी लपविले नाही. म्हणूनच त्यास आपल्या उणिवेची चर्चाही मोकळेपणाने करता आली : १९६४ मध्ये डेक्लन कॉस्टेलोने पक्षासमोर ‘न्याय्य समाजा’चा मसुदा मांडला तो, आपला पक्ष संपन्नांचा आहे, तो केवळ त्यांचाच का असावा, असा सरळ प्रश्न विचारून. मजूर पक्षाशी त्याने वारंवार जी संयुक्त सरकारे बनविली त्यांचाही उगम याच आत्मज्ञानात आहे. आपल्यापाशी जे नाही ते दुसऱ्याकडून घ्यावे लागते हे त्यास ठाऊक होते. शेतकरी कामगार पक्षास असा प्रश्न विचारण्याची सोयच उरली नाही, कारण प्रबंधाप्रमाणे तो आधीच सर्व कष्टकऱ्यांचा होता. नावात ‘कामगार’ होता. खारेपाटात कामगाराची जागा मात्र रिकामी राहिली. मोठमोठे कारखाने धरमतर, नागोठणे, थळ येथे आले तेव्हा तेथील संघर्षातही भूमिपुत्रास नोकरी मिळावी हा मुद्दा पुढे राहिला, म्हणजे पुन्हा गेलेल्या जमिनीचाच मोबदला.

विरोधी पक्ष म्हणून त्याने केलेले काम यामुळे उणे ठरत नाही. विधानसभेत अभ्यासू, निर्भय विरोध कसा असतो हे दत्ता पाटील व दि. बा. पाटील यांनी दाखविले, आणि सत्ता क्वचितच मिळूनही (१९७८ चे मंत्रिमंडळ हा ठळक अपवाद) जिल्ह्यातील शासनास सतत जाब देणे भाग पाडले. काँग्रेसला रायगडात कधी निर्धास्त झोप लागली नाही, याचे श्रेय त्यांचे.

अलीकडील काळात दोन्ही किनाऱ्यांवर जुन्या भिंती पडू लागल्या आहेत. २०२० साली फिना गेल व फियाना फॉइल, म्हणजे यादवीतील दोन्ही बाजू, प्रथमच एका मंत्रिमंडळात बसल्या, आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बसल्या. रायगडात २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाने राष्ट्रवादी काँग्रेसच्या उमेदवारास पाठिंबा दिला; त्याच वर्षीच्या आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र जिल्ह्यातून त्याचा एकही आमदार निवडून आला नाही. काही जण याचे खापर फुटीवर, काही जण पैशावर फोडतात. दोन्हींत तथ्य असेल. आम्हांस त्याहून जुने कारण दिसते : खातेदाराचा पक्ष खाते असेपर्यंत चालतो, आणि मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतचे खातेदार गेल्या काही दशकांत आपली खाती मुंबईच्या बंगलेवाल्यांस विकीत आले आहेत. ज्या घराने जमीन विकली त्यास कूळकायद्याचा पक्ष का लागावा?

खारेपाटात आणखी एक गोष्ट घडली आहे. खारभूमीसाठी १९४८ मध्ये व पुन्हा १९७९ मध्ये कायदे झाले. बांधाची जबाबदारी हळूहळू गावाकडून सरकारी खात्याकडे गेली. कूळ धनी झाले, पण ओहोटीच्या वेळी चिखलात उतरणारे गाव विखुरले. तरुण कारखान्यात वा मुंबईस, आणि खांड पडली की अर्ज. पेण-अलिबाग तालुक्यांत बांध फुटून कित्येक शेतांवर आज कांदळवन उभे आहे. तेथे सातबारा शाबूत आहे, शेताखाली भरती-ओहोटी आहे. हे शेत परत समुद्रातून काढावयाचे तर ते एकेका खातेदाराचे काम नव्हे, आणि चरीच्या वारसांच्या पक्षापुढे या बांधाचा प्रश्न अजून तसाच आहे. कातकरी वाडीतील ज्या माणसास खांड बुजविण्याच्या मजुरीस बोलावतात त्याच्या नावाचे खाते त्या बांधाच्या आत अद्यापि नाही.